आठव्यात पाणी ओलांडायचं नाही

उजनी धरणाच्या फुगलेल्या पाण्यावर मी कित्येक वर्षं ये-जा करतेय, पण लाँच भरेपर्यंत गप्प बसायला मला अजून जमलेलं नाही. आधी वल्ह्यांची लाकडी होडी होती, मग इंजिनाची आली. आता पत्र्याची लाँच आहे आणि तिच्यात माणसांइतक्याच मोटारसायकली उभ्या असतात. शहरातल्या नवी पेठेतून साड्या उचलायच्या, एस.टी.नं काठावर यायचं आणि पलीकडच्या गावांत दारोदार विकायच्या, हा माझा धंदा. या पाण्यावरून मी शेळ्यांबरोबर गेलेय, वाजंत्र्यांबरोबर गेलेय, एकदा तर जागा नव्हती म्हणून नवरदेवाच्या मांडीवर गाठोडं ठेवून गेलेय. नवरदेव बिचारा अंग चोरून बसला.

माझ्या चेतनाचं लग्नही पलीकडच्याच एका दारात साड्या दाखवता दाखवता ठरलं. त्या दारातल्या दाक्षायणीबाई माझ्या विहीणबाई झाल्या. पहिलं बाळंतपण माहेरी, हे काय कुणी सांगायला हवं? सातवा सरता सरता मी पोरीला शहरात, शुक्रवार पेठेतल्या माझ्या घरी न्यायला गेले, तर विहीणबाई आडव्या आल्या. "आता आटवा लागतोय. आटव्यात पानी वलांडायचं न्हाय." सडकेनं न्यावं तर केवढा वळसा, त्यात सगळे खड्डे. मी हात हलवत परत आले. तेव्हापासून विहीणबाईंना सुनावायची वाक्यं मी भाकरी थापताना पुटपुटत होते. एकेक वाक्य असं धारदार झालं होतं की बस्स.

आज सकाळी चेतनाचा फोन आला. नववा नुकताच लागला होता. "आई, रात्रीपासनं कंबर लई दुखतीय," एवढं ऐकू आलं आणि फोन तुटला. त्या बाजूला रेंज कधी धड नसतेच. मी गाठोडं न घेताच एस.टी. धरली. काठावर येऊन बघते तर लाँचमध्ये जेमतेम तीन-चार माणसं.

"जोतिराम, सोड की," मी लाँचवाल्याला म्हटलं.

"मावशी, दोन गाड्या येऊ द्या. भरल्याबिगर कवा सोडलीय का मी?"

मी बसले, उठले, परत बसले. फोन लावला, लागला नाही. एक जण मोटारसायकल घेऊन उतारावरून येत होता, तो मध्येच थांबून तंबाखू मळायला लागला. माझं डोकंच फिरलं. "अरे, माझी पोर अडलीय तिकडं!" मी ओरडले. खरं तर मला काहीच माहीत नव्हतं.

"मग आदी सांगायचं की!" म्हणत जोतिरामनं दोर सोडला.

आम्ही निम्मं पाणी कापलं असेल, तेवढ्यात समोरून मासेमारीची एक छोटी होडी येताना दिसली. इंजिनाशी आमचा जावई शिवू होता. लाँच आमच्या काठाला, दवाखानाही आमच्याच काठाला, मग त्यानं हाताला लागली ती होडी काढली होती. आत चेतना आडवी झाली होती. तिचं डोकं सासूच्या मांडीवर होतं.

"जोतिराम, थांबव! मला त्या होडीत जायचंय."

दोन्ही इंजिनं बंद झाली. जोतिरामनं एका हातानं होडीची कड धरली, दुसऱ्यानं माझा दंड धरला आणि मी त्या होडीत उतरले.

विहीणबाईंनी डोळे गच्च मिटले होते. जन्मभर पाण्याकाठी राहून या बाईनं कधी होडीत पाय ठेवला नव्हता. एका हातानं फळी धरलेली, दुसरा हात चेतनाच्या कपाळावर, आणि अंग नुसतं थरथरत होतं. इतके दिवस घोकलेलं एकही वाक्य मला आठवेना.

"आले गं बाई मी," म्हणत मी चेतनाचा हात हातात घेतला. कळ आली तशी तिनं माझी बोटं आवळली. कळ ओसरल्यावर तिनं आपला हात हळूच सोडवून घेतला.

"माझं बरं हाय," ती म्हणाली. सासूला ती आत्या म्हणते. "आई, तू आदी आत्यांना धर. लई भ्यायल्यात त्या."

इतके दिवस मी जिला माझ्या घरी न्यायला तडफडत होते, ती पोर केव्हाच त्या घरची झाली होती. मला रडूच आलं. शिवूनं इंजिन सुरू केलं. मी सरकले आणि विहीणबाईंच्या खांद्याभोवती हात टाकला.

"डोळे मिटूनच ठेवा," मी म्हटलं. "काठ आलाच."