व्हिडिओतली आईची बोटं

मित्रांनो, मी पालमच्या एका लग्नातला जुना व्हिडिओ आहे. आज मी सुगतच्या मोबाईलच्या एका कोपऱ्यात मावतो. जन्मलो तेव्हा मात्र मी खूप मोठा आणि स्वच्छ होतो.

मला टिपलं भुजंग फोटोग्राफरने. सुगतची बहीण धम्मशीला सासरी, पिंगळीला निघाली होती. त्यांची आई कमलबाई जन्मापासून मुकी-बहिरी, हातांनी बोलायची. गाडीपाशी ती लेकीला भराभर काहीतरी सांगत होती. लेकीचे डोळे भरून आलेले, तिला काहीच दिसलं नाही. माझ्यात मात्र आईचं एकेक बोट उतरलं होतं.

सगळ्यांनी माझं कौतुक केलं. सुगत तेवढा वैतागला.

"मोबाईल भरून चाललाय. याला लहान करून द्या."

"देतो," भुजंग म्हणाला, "पण लय लहान केलं की हालणारं आधी बिघडतं. मूळ फाईल पुसू नका."

सुगतने मान हलवली, आणि जागा हवी म्हणून काही दिवसांतच मूळ फाईल पुसली. मूळ फाईल सुगतकडे आहेच, या भरवशावर भुजंगनेही आपली प्रत काढून टाकली. पुढे मोबाईल बदलला, तेव्हा माझी लहान प्रत ज्याला पाठवली होती, त्या नातेवाइकाकडून सुगतने मला व्हॉट्सअ‍ॅपवर परत मागवलं. त्या येण्याजाण्यात मी आणखी आकसलो.

मग कमलबाई तापाने गेली. धम्मशीला माहेरी आली.

"दादा, आई त्या दिवशी काय म्हणत होती, ते मला बघायचंय."

मला लावलं. मागची भिंत, गाडीचं दार स्वच्छ दिसत होतं. ती हलत नव्हती ना! आईच्या हातांच्या जागी नुसते करडे चौकोन थरथरत होते.

"बोटं कुठं हायत, दादा?"

सुगतने मला टीव्हीवर लावलं. चौकोनच मोठे झाले. तो भुजंगकडे धावला.

"गेलेलं परत येत न्हाई," भुजंग हळूच म्हणाला. "आता साफ केलं तरी ते मशीननं अंदाजानं भरलेलं असंल. तुमच्या आईचं नसंल."

सुगतने घरी येऊन ते सांगितलं. धम्मशीला मला पुन्हा पुन्हा लावत राहिली. अखेर एका जागी ती थबकली. तिथे आईचा हात क्षणभर स्थिर राहिला होता, म्हणून तेवढाच वाचला होता. पाचही बोटं जुळवून ओठांपाशी नेलेली.

"जेवलीस का, म्हणायलीय," धम्मशीला म्हणाली, आणि तिला हुंदका फुटला. "सकाळपासून उपाशीच होते रे मी. तिला कसं कळलं?"

त्याच्या आधीचं आणि नंतरचं बोलणं माझ्यातून कायमचं गेलं. मित्रांनो, माझ्या लहान प्रती खुशाल वाटा. पण मूळ प्रत पुसण्याआधी, तिच्यात कुणाचं काय बघायचं राहिलंय, ते घरातल्या सगळ्यांना विचारा.