पापणीच्या आतला रंग

फेब्रुवारीत सलग तीन आठवडे पाऊस झाला आणि ऑस्ट्रेलियातल्या आर्मिडेलच्या वरच्या कुरणांत मेंढ्यांच्या पोटात जंत माजले. हे जंत रक्त पितात. खाल्लेलं अंगी लागत नाही, तरी लोकरीखाली काही दिसत नाही; मेंढी चालता चालता पडते, तेव्हाच कळतं.

मंगळवारी सकाळपासून आयोना आणि तिचे वडील हेक्टर मेंढवाड्यात उभे होते. खालची पापणी अंगठ्याने ओढायची, आत लाली दिसली तर मेंढी पुढे सोडायची, फिकट दिसली तर तोंडात औषधाची नळी. सिडनीच्या वाचनालयात बसून पोरीचे हात लोण्याचे झालेत, असं हेक्टर दर दहा मेंढ्यांमागे ऐकवत होते. तीन मेंढ्यांच्या पापण्या पांढऱ्याफटक निघाल्या. त्यातली एक औषध घशाखाली उतरण्याआधीच मेली.

दुपारी हेक्टर फळीवर टेकले. "डोळ्यात कुसळ गेलंय. बघ गं."

तिने त्यांची पापणी खाली ओढली. अंगठ्याला सकाळपासूनची सवय होती. आत लाल रेघसुद्धा नव्हती.

"काय, मलाही पाजतेस का?" हेक्टर हसले.

तिने कुसळ काढलं. "निघालं," एवढंच म्हणाली.

गेल्या वर्षी तिने डॉक्टरचं नाव काढलं, तर त्यांनी दोन महिने तिचा फोन उचलला नव्हता. पण पापणीबद्दल न बोलण्याचं खरं कारण ते नव्हतं. बोललं की ते खरं होईल, असं तिला वाटलं. दिवसभर ती चोरून बघत राहिली. चार पावलं टाकली की ते कठडा धरत. गुरुवारी काम संपलं की काहीतरी सांगून त्यांना गावात न्यायचं, असं तिने ठरवलं.

बुधवारी टेकडीवरचा कळप उरला होता. रक्त कमी झालेल्या मेंढ्यांना पळवलं तर त्या धापेनेच मरतात, म्हणून हेक्टरनी कुत्र्याला बांधून ठेवलं आणि स्वतः पायी निघाले. मी जाते, असं ती म्हणाली. तुला घाई फार, असं म्हणत ते गेलेसुद्धा.

खालून ती बघत होती. अर्ध्या उतारावर मेंढ्या बसल्या. त्यांच्यामागे हेक्टर बसले. विसावा देतायत, असं तिने स्वतःला सांगितलं. मग एकेक मेंढी उठून चरू लागली. हेक्टर उठले नाहीत. ती धावत सुटली.

जठरात व्रण होता, कित्येक आठवडे आतल्या आत रक्त झिरपत होतं, असं डॉक्टर म्हणाले. गुडघ्यासाठी रिकाम्या पोटी घेतलेल्या गोळ्यांनी तो झाला असावा.

पुढचा आठवडाभर तिची आई मॉरीन सांत्वनाला येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगत होती: काही लक्षणच नव्हतं. दर वेळी आयोना चहाची किटली घेऊन आत जाई. आठव्या दिवशी घरात दोघीच उरल्या. मॉरीन कपबशा पुसत होती.

"कळायला काही मार्गच नव्हता गं," ती म्हणाली. "नाहीतर मी त्याला असा जाऊ दिला असता का?"

आईचा चेहरा आता कसा होईल, ते आयोनाला दिसत होतं. तिने खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"आई, मला मंगळवारीच कळलं होतं. त्यांच्या पापणीत रक्त नव्हतं. मी बघितलं, आणि घाबरून गप्प बसले."