झाइडलर सरांच्या दाढीवरची नक्षी

जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टच्या डोंगरात गणितज्ञांचा आठवडाभराचा मेळा भरला होता आणि तरुण वीब्केही त्यात आली होती. शुक्रवारचं व्याख्यान तिला मिळणं म्हाताऱ्या झाइडलर सरांच्या होकारावर अडलं होतं.

"हे बघ पोरी," सर नाश्त्याला म्हणाले, "तीन भोकांचा भरीव गोळा. प्रत्येक भोकाभोवतीची कडी म्हणजे त्याचा कान. त्याच्या एका कानाचं मूळ दुसऱ्या कानावरून सरकवत फिरव, परत जागेवर आण. आकार तोच, पण अंगावरच्या रेघांचा दर वेळी नवा गुंता! तू म्हणतेस शेवटी एक नक्षी उरते, आणि मग कितीही सरकवलं तरी ती तीच. कुठाय? दाखव!"

"दाखवते की!"

ती तडक स्वयंपाकघरात शिरली. तिथं ब्रेझेल, म्हणजे पिळाचे जर्मन पाव, भाजायला ठेवले होते. ब्रेझेल म्हणजे तीन भोकांचा भरीव गोळाच! कच्च्या ब्रेझेलवर तिनं प्लमच्या जॅमची रेघ ओढली आणि घाईघाईत भोकाभोवती नुसती वरची साल पिळली. कणीक टर्रकन फाटली.

"सालीला जमतं ते आतल्या गराला जमत नाही, बाईसाहेब!" मागोमाग आलेले सर खिदळले. "पोरंसोरं करतात ही चूक!"

वीब्के लालबुंद झाली. दुसरं ब्रेझेल घेऊन तिनं या वेळी सालीसकट, गरासकट कान सरकवला. पुन्हा सरकवला. पुन्हा. रेघ ताणली, केसाएवढी बारीक झाली, आणि कान एवढा लांबला की खिडकीतून बाहेर पडला. तो होता बुधवार, म्हणजे सगळ्यांनी रानातून केक खायला जायचा दिवस. मंडळींनी कान खांद्यावर घेतला, ओढे ओलांडले, केक हाणला आणि गात गात कान परत आणून जागेवर बसवला.

सरांनी भिंग लावलं. नक्षी तीच, नुसती आणखी बारीक.

"आणखी एक फेरी!" सर ओरडले.

लोक आनंदानं कान घेऊन पुन्हा केक खाऊन आले. नक्षी तीच!

"आत तरी बिघडलं असेल!" म्हणत सरांनी कचकन चावा घेतला. आतही पदराला पदर तसाच लागलेला. दात कणकेत रुतले.

"फरक आहे का हो, सर?"

सरांनी नकारार्थी मान हलवली.

"मग शुक्रवार माझा?"

बोलता येईना. डोळे वटारून त्यांनी होकारार्थी मान हलवली.

शुक्रवारी वीब्के फळ्यापाशी उभी राहिली, तेव्हा पहिल्या रांगेत सर बसले होते, दाढीवर जॅमची रेघारेघांची नक्षी घेऊन. दोन दिवस साबणानं घासूनही ती जराही हलली नव्हती.