जप्तीच्या आवारातले देव

“हे कुनी खरं मानायचं नाय,” शिवाकाकाने सुरुवातीलाच सांगून टाकलं. “आनि मानू पन नका. माज्या कानावर आलं तवा मी पन मानलं नव्हतं.”

मांडवात बसलेल्या बाया हसल्या. उलव्याकडच्या त्या गावात शिवाकाकाचं काही मानण्याची पद्धतच नव्हती. तरुणपणी त्याने जाळी विणली, पुढे करंज्याच्या बंदराहून मासळी आणून पनवेलला विकली, आणि दोन्ही कामांत तोंड सतत चालू ठेवलं. त्याने एकदा धरलेला बोंबील म्हणे इतका लांब होता की शेपूट बोटीत यायची होती तेव्हा डोकं बाजारात विकलं गेलं होतं.

पण आज काकाचं हसणं काही जमत नव्हतं. संध्याकाळी पुतणीची, दिपाची, हळद होती. तिचा बाप नव्हता, त्यामुळे बापाच्या जागी काकाच उभा राहणार होता. दिपा मेंदीचे हात पसरून बसली होती. तिची आई साळूबाय, म्हणजे काकाची वहिनी, हळकुंडं कुटत होती. आणि देव्हाऱ्यापुढे पाटावर एक लाल गाठोडं होतं. काका ते दुपारीच घेऊन आला होता.

त्या गाठोड्यात घरचे देव होते. चांदीच्या पत्र्यावर ठोकलेले तळहाताएवढे टाक: खंडोबा, एकवीरा आणि घरातला वीर, म्हणजे घोड्यावर बसलेला पूर्वज. लग्नाआधी ते सोनाराकडे उजळायला जातात. उजळले की सोनार लाल कापडात बांधून देतो, आणि त्याची गाठ दिवेलागणीला घरातल्या थोरल्या बाईनेच सोडायची. वाटेत दुसऱ्या कोणी सोडली तर देव उघड्यावर पडले. मग पुन्हा सोनार, पुन्हा उजळणी, आणि तोवर नवरीला हळद लागत नाही. या बाबतीत साळूबायने कधी कोणाची गय केली नव्हती.

“काका, सोनाराकडे सुतक होतं म्हणून देव आठवडाभर अडकले म्हणालात,” दिपा म्हणाली. “पण दुकान तर उघडं होतं. शेजारची रूपा परवाच जोडवी घेऊन आली तिथून.”

काकाला ठसका लागला. पाणी पिऊन झाल्यावर त्याने गोष्ट सुरू केली.

कर्नाळ्याच्या खिंडीपलीकडे चांगो नावाचा एक माणूस होता. त्याचा भाजीचा टेम्पो. त्याच्याही घरात लग्न होतं आणि तोही पनवेलहून उजळलेले देव घेऊन घरी निघाला होता. गाठोडं मांडीवर, गाडी हळू. खड्डा आला की हा देवांची माफी मागायचा.

अडचण एकच होती. दारूचं वावडं देवांना नव्हतं, घरातल्या वीराला तर वर्षातून एकदा ती लागायचीच. पण चांगोने याच देवांपुढे बेल उचलून शब्द दिला होता की लग्न लागेपर्यंत थेंबाला शिवणार नाही. आणि रस्त्यात एका ढाब्यावर भेटला जुना दोस्त. दोस्ताने हात धरला. चांगो नाही म्हणाला, मग बसतो पण घेत नाही म्हणाला, आणि मग त्याच्या मनात आलं की देवांनी बघितलंच नाही तर शब्द मोडला असं कोणाला म्हणता येईल? त्याने गाठोडं उचललं, टेम्पोच्या मागे नेलं, बर्फाच्या रिकाम्या डब्यात ठेवलं, वर झाकण लावलं आणि झाकणावर गोणपाट टाकलं.

“भाजीच्या टेम्पोत बर्फ कशाला?” दिपाने विचारलं.

“कोथमीर सुकते,” काका म्हणाला आणि घाईने पुढे सरकला.

पळस्पे फाट्याजवळ नाकाबंदी होती. पोलिसाने नळी तोंडात दिली, फुंक म्हणाला. चांगोने फुंकलं. ते यंत्र असं बोंबललं की पलीकडे उभ्या असलेल्या ट्रकवाल्याने घाबरून स्वतःचं लायसन काढून दाखवलं. मग दवाखाना, रक्त, सही, अंगठा. टेम्पो गेला ओढून, लायसन गेलं, केस उभी राहिली. साहेब माणूस चांगला होता. त्याने दोनदा विचारलं, बाबा, गाडीत किमती काही आहे का, असेल तर आताच काढून घे.

इथे चांगोने जे केलं ते दुसऱ्या कोणी केलं नसतं. तो गप्प राहिला. तोंडाला दारूचा वास येत होता. त्या तोंडाने देवांचं नाव काढायचं कसं? नुसतं “मागे आमचे देव आहेत” म्हटलं असतं तर साहेबाने बूट काढून गाठोडं हातात आणून दिलं असतं. पण चांगोने ओठ घट्ट मिटले, मान हलवली, आणि देव गेले जप्तीत.

त्या रात्रीपासून त्याची झोप उडाली. भीती कोर्टाची नव्हती. घरी आईला काहीतरी थाप मारली होती आणि म्हातारी रोज संध्याकाळी उंबऱ्यावर येऊन विचारायची, आले का रे? तो प्रश्न आला की चांगो मागच्या दाराने बाहेर पडायचा. जेवताना ताटात देवांचे डोळे दिसायचे. झोप लागलीच तर घरातला वीर घोड्यावर बसून उशाशी यायचा. काही बोलायचा नाही, फक्त घोडा पाय आपटायचा. मध्ये सुट्ट्या आल्या, कोर्ट बंद. हळद जवळ येत चालली. शेवटी दंड भरला, सुटकेचा कागद मिळाला. लायसन नव्हतं, म्हणून गाडी चालवायला शेजारचा एक ड्रायव्हर बरोबर घेतला आणि दोघे जप्तीच्या आवारात पोचले भर दुपारी.

खाडीच्या कडेचं मोकळं मैदान, भोवती तारेचं कुंपण. वारा पडलेला. दुपारच्या बाराला अशा जागी कोणी जात नाही, पण हळद त्याच संध्याकाळी होती. आवारात पडून राहिलेल्या गाडीची बॅटरी हटकून उतरलेली असते, म्हणून ड्रायव्हर दुसरी बॅटरी आणायला बाजारात गेला. चांगो एकटाच आत शिरला. राखणदार जीवन फाटकाशी खुर्ची टाकून बसला होता. त्याने कागद बघितला आणि हळूच सांगितलं, टेम्पो शेवटच्या रांगेत आहे, सरळ जा, मधल्या गाड्यांना हात लावू नका. “आनि हाक मारू नका कुनाला,” तो म्हणाला. “यांना वाटतं मालक आला.”

सुरुवातीच्या गाड्या बऱ्या होत्या. पुढे मात्र वेलींनी मोटारसायकली गिळल्या होत्या, नुसती हँडलं वर आलेली, बुडणाऱ्याच्या हातांसारखी. एका बसच्या टपातून पिंपळ बाहेर आला होता. एका जीपच्या स्टेअरिंगवर बगळीने घरटं केलं होतं आणि चांगो जवळून गेला तेव्हा त्या जीपने हॉर्न दिला. चांगो पळाला. पळता पळता धडकला तो एका पांढऱ्या गाडीवर.

त्या गाडीचं तोंड आत चेपलं होतं, इतकं की पुढची सीट मागच्या सीटला टेकली होती. मागच्या काचेवर नवरानवरीची नावं चिकटवलेली होती, अजून धड. आरशाला झेंडूची माळ होती, सुकून काळी पडलेली. आणि खाली, पायाशी, एक चप्पल होती. नवी, सोनेरी पट्ट्याची. बाईची.

शिवाकाका थांबला. साळूबायचं मुसळ चालायचं थांबलं आहे हे त्याच्या लक्षात आलं नाही.

हात लावू नका म्हणून चांगोला सांगितलं होतं, पण त्याचा हात काचेवर गेलाच. त्या नावांवर धूळ होती, ती त्याने पुसली. मागून जीवन आला होता. तो म्हणाला की ही गाडी हळदीहून परत निघाली होती, चालवणारा नवरीचा चुलता होता, प्यायलेला, त्याला एवढंसं खरचटलं पण नाही. रोज सकाळी तो फाटकाशी येतो. आत येत नाही. उभा राहतो आणि जातो.

नाकाबंदी झाली नसती तर, एवढाच विचार चांगोच्या डोक्यात घुमत होता. शेवटची रांग समोर होती पण तिथवर जायला जन्म गेला म्हणा.

टेम्पो होता. चाकाभोवती चिखल वाळलेला. भरतीचं पाणी इथवर येत असणार. चांगोने मागची फळी खाली घेतली आणि त्याला आवाज आला. डब्याच्या आतून. ठक. ठक. ठक.

घोडा पाय आपटत होता.

दातखीळ बसणं म्हणजे काय ते चांगोला त्या दिवशी कळलं. तरी त्याने गोणपाट ओढलं, डोळे मिटले आणि झाकण उचललं. आतून निघाले खेकडे. एकामागून एक, वरातीत चालतात तसे, सगळ्यांत पुढचा नांगी वर करून, जणू निशाण धरलंय. ते खाली उतरले, चांगोच्या पायाला वळसा घालून खाडीकडे गेले, एकानेही त्याला नांगी लावली नाही. आणि डब्याच्या तळाशी, लाल गाठोड्याभोवती, नाग बसला होता. फणा काढून. चांगो खाली बसला, कपाळ फळीवर टेकलं आणि म्हणाला, “माजं काय करायचं ते करा. पोरीची हलद होऊ द्या.”

नागाने फणा मिटला. चांगोच्या हातावरून, ओल्या दोरीसारखा गार, तो सरकत गेला.

“आनि हे ध्यानात ठेवा,” शिवाकाकाने बोट वर केलं. “चांगोनं गाठ सोडली नाय. हात पन लावला नाय गाठीला. तसंच गाठोडं छातीशी धरलं. खरं सांगतो, त्याच्याकडं बघून देव रडत होते. खंडोबाच्या डोल्यांत पानी, एकवीरेच्या डोल्यांत पानी. वीराच्या घोड्याच्या डोल्यांत सुद्धा. चांगोनं आपल्या धोतरानं पुसलं ते. तवापासून चांगो…”

मांडवात कोणी हसलं नाही. दिपा काकाकडे बघत होती. काका मात्र वहिनीकडे बघत होता, गोष्ट संपल्यावर माणूस श्रोत्यांकडे बघतो तसा नाही, फुंकून झाल्यावर पोलिसाच्या हातातल्या यंत्राकडे बघावं तसा.

साळूबाय उठली. हळदीचे हात तिने पदराला पुसले, पाटावरचं गाठोडं उचललं आणि मांडवाच्या उजेडात आणलं.

“गाठ सोडली नाय, म्हंतोस,” ती म्हणाली. “मंग कापडात गुंडाललेल्या देवांच्या डोल्यांतलं पानी त्याला दिसलं कसं?”

शिवाकाकाने पाण्याचा तांब्या पुन्हा तोंडाला लावला. तो रिकामाच होता.

साळूबायने गाठीवरून अंगठा फिरवला. दुहेरी पीळ, आतून घातलेला फासा, ओढावा तितका आवळत जाणारा. असल्या गाठींची जाळी तिने या घरात आल्यापासून ओटीवर वाळत घातलेली पाहिली होती.

“आनि तो सोनार,” ती म्हणाली, “जाली कवापासून विनाया लागला, चांगोभावजी?”