सतरा नंबरची फाइल

कोणी विश्वास ठेवणार नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. गोळीबार चौकात तर नाहीच नाही. तिथं सूर्य पूर्वेला उगवला म्हटलं, तरी दोन माणसं बाहेर जाऊन बघून येतात. पण तुळजाबाईंनी तोंडावरच विचारलं आहे, की माहा अंकुर दोन महिने झाले रोज सकाळी डबा घेऊन बुटीबोरीले जाते, तर त्याले नोकरी लागली का नाही लागली? आता विचारलंच आहे, तर ऐका, तुळजाबाई. हातातली गवार निवडत राहा, पण मध्ये बोलू नका. गोष्ट नाजूक आहे, धक्का लागला की फुटते.

तर अंकुर बी.कॉम. होऊन घरी बसला होता, त्याला वर्ष होत आलं होतं. मे महिन्यात बुटीबोरीला प्लास्टिकची पोती विणणाऱ्या एका कंपनीनं मुलाखती ठेवल्या. अंकुर सातला गेटवर हजर. ऊन म्हणजे काय ऊन! गेटवरच्या कुत्र्याची सावली कुत्र्याला तिथंच सोडून भिंतीआड जाऊन बसली होती. मग पोरांनी आपल्याकडे करतात तेच केलं. दवाखान्यात पिशवी, नळावर पाण्याचा गुंड, सिलिंडरला चप्पल ठेवून जसा नंबर लावतात, तशी ज्यानं त्यानं आपली फाइल लायनीत ठेवली आणि समोरच्या कडुनिंबाखाली जाऊन बसला. अंकुरची फाइल सतरावी. निळी, रेक्झिनची, बर्डीच्या फुटपाथवरून घेतलेली.

अकराला गोपिका मॅडम बाहेर आल्या. कंपनीत माणसं भरायचं काम त्यांचं. लायनीतल्या एकेचाळीस फाइली बघून त्या म्हणाल्या, "किती शिस्तीची बॅच आहे यंदा!" आणि सगळ्या हातगाडीवर घालून आत नेल्या. पोरं झाडाखालून धावत येईपर्यंत गेट बंद.

तासाभरानं गार्डनं आवाज दिला, "सतरा नंबर! सिलेक्ट!"

अंकुर एका उडीत आत. बघतो तर फाइल खुर्चीवर, तिच्यापुढे चहा, आणि मॅडम तिचं अभिनंदन करताहेत.

"मॅडम, मी अंकुर."

"बरं. काय काम होतं?"

"सिलेक्ट मी झालो ना?"

"तुम्ही लायनीत होते का?"

"मी नाही... फाइल होती."

"मग?"

अंकुरनं विचार केला. मग तोच विचार उलटा करून पाहिला. मॅडमचं चुकतंय कुठं, तेच त्याला सापडेना. चार तास उन्हात फाइल होती, तो सावलीत होता. जे काही विचारलं असेल, त्याचं उत्तर फाइलीतच होतं. फाइलीत नाही असं आपल्यात काय आहे, हेही त्याला पटकन आठवेना.

"उद्यापासून आठला पोचवा तिला," मॅडम म्हणाल्या. "उशीर चालत नाही."

तेव्हापासून अंकुर रोज फाइलीला कामावर सोडायला जाऊ लागला. गार्ड फाइलीला सलाम ठोकायचा आणि अंकुरपुढे रजिस्टर सरकवायचा. कोण आलं? अंकुर. कोणाला भेटायचं? फाइलीवर जे नाव होतं ते, म्हणजे अंकुरलाच. रोज सकाळी अंकुर अंकुरला भेटायला यायचा आणि भेट होत नाही म्हणून कडुनिंबाखाली जाऊन बसायचा. आत फाइलीला टेबल, पंखा, गळ्यात ओळखपत्र. साहेब तिच्यावर खूश. एवढ्या दिवसांत एकदा उलटून बोलली नाही, म्हणे.

खूश व्हावं की रडावं, अंकुरला कळेना. त्यात अठरा नंबरचा पिंटू रोज येऊन हात जोडायचा, "भाऊ, तुह्या फाइलीले सांग ना गा. माह्या फाइलीकडंही पाह्य म्हन जरासं."

"अबे, ते माहंच ऐकत नाही आजकाल!"

दोन महिन्यांत फाइलीचं काम वाढलं. तिला या टेबलावरून त्या टेबलावर न्यायला एक मदतनीस हवा, अशी जाहिरात निघाली. अंकुरला वाटलं, हे काम तर आपण बसस्टॉपपासून गेटपर्यंत रोजच करून राहिलो! त्यानं अर्ज केला.

"सर्टिफिकेटं आणा," मॅडम म्हणाल्या.

"फाइलीत हाय."

"ती ड्युटीवर आहे. कामावरच्या माणसाच्या पोटात हात घालता का तुम्ही?"

"मंग संध्याकाळी आनतो."

"संध्याकाळी ऑफिस बंद."

शेवटी तो रिकाम्या हातानंच मुलाखतीला उभा राहिला. समोर तीन खुर्च्या. एकीवर साहेब, एकीवर मॅडम आणि मधल्या खुर्चीवर ती निळी फाइल.

"अनुभव किती?" साहेबांनी विचारलं.

"दोन महिने, सर. रोजच येतो मी."

"गेटबाहेरचा अनुभव धरत नाहीत."

साहेब आणि मॅडमनी एकमेकांकडे पाहिलं, मग दोघंही फाइलीकडे वळले. "तुमचं काय मत?" मॅडमनी अदबीनं विचारलं. अंकुरला म्हणावंसं वाटलं, की बाई, तुले पहिल्या दिवशी घाम फुटला होता तर माह्या रुमालानं पुसला मी, तेवढं तरी आठव. पण कामावर वरच्या जागी बसलेल्याशी असं बोलावं का? वर पंखा गरगरत होता. फाइलीचं कव्हर हळूच वर उचललं गेलं, पहिला कागद थरथरला, आणि त्या फाइलीनं...

"भाऊजी, बस करा आता." तुळजाबाईंनी गवार ठेवलेलं सूप बाजूला सारलं. "सरासर खोटं बोलून राहिले तुमी."

काहून खोटं?

"निळी फाइल मे महिन्यापासून माह्या घरात कपाटावर पडून हाय. कालच धूळ झटकली मी तिची. पोराले नोकरी लागली नाही, एवढंच सांगाले एवढा फेरा कायले घेता? आता डबा घेऊन तो रोज जाते कुठं, तेवढं खरं सांगा."