पायांतून निघणारं विष

टबमधलं पाणी आधी पिवळं झालं, मग कोऱ्या चहासारखं, आणि मग त्यावर काळपट फेस धरला, तेव्हा हॉलमधली माणसं खुर्च्या सोडून उभी राहिली. मागच्यांना दिसेना म्हणून ती पुढच्यांच्या खांद्यांवर हात टेकून टाचा उंच करायला लागली.

"बघा! नीट बघा!" सर ओरडले. "वर्षानुवर्षांची दारू आहे ही! तळपायांतून बाहेर पडतेय. मला सांगा, चहाची पूड कुठे बसते? वर की खाली?"

"खाली!" लोक म्हणाले.

"मग विष कुठे बसणार?"

"खाली!"

"म्हणून पाय! एवढी साधी गोष्ट मोठमोठ्या डॉक्टरांना कळली नाही. यकृत म्हणजे गाळणी. गाळणी तुंबली तर तुम्ही तिला गोळ्या देता का? धुता ना?"

टबात पाय सोडून बसलेला गॅरेजवाला हमसून हमसून रडत होता. त्याची बायको त्याच्या डोक्यावरून हात फिरवत होती. पाणी पूर्ण काळं झाल्यावर सरांच्या माणसांनी ते एका बाटलीत भरलं, बूच घट्ट लावलं आणि बाटली बायकोच्या हातात दिली. घरी जाऊन आपल्या हातानं ती मोरीत ओतायची, की विष घरातून कायमचं गेलं. टाळ्या वाजल्या.

सर म्हणजे डॉक्टर नव्हेत. पांढरा कोट, कॉलरला माईक आणि गोड आवाज, एवढंच. आधी ते घरोघरी पाणी शुद्ध करायची यंत्रं विकत होते, असं लोक सांगतात. नंतर त्यांनी माणसं शुद्ध करायला घेतली. यंत्र बदललं, बोलणं तेच राहिलं.

मी बस चालवतो. त्या दिवशी ड्युटी संपवून गणवेशातच तिथे गेलो होतो, कारण पुढचा नंबर माझ्या मेव्हण्याचा होता.

माझी बायको नर्स होती. रुग्ण उचलता उचलता तिची पाठ गेली. वेदनेसाठी इंजेक्शन सुरू झालं, वेदना कमी झाली आणि इंजेक्शन राहिलं. सवय लागल्याचं कळलं तेव्हा ती स्वतःच सरकारी दवाखान्यात गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी जिभेखाली ठेवायची एक गोळी सुरू केली. त्या गोळीनं नशा चढत नाही, पण ओढ दबून राहते. बायको पुन्हा कामावर जायला लागली, जेवायला लागली, माझ्यावर ओरडायला लागली. मला ते ओरडणंही बरं वाटायचं.

पण गोळीसाठी रांगेत उभं राहावं लागायचं. खिडकीपलीकडच्या बाया तिच्या ओळखीच्या. कधीकाळी ती त्यांच्याबरोबर काम करायची, आता त्या तिला गोळी मोजून द्यायच्या आणि तोंड उघडायला लावून बघायच्या, विरघळली की लपवली म्हणून. "मी नर्स आहे की चोर?" ती घरी येऊन म्हणायची.

मग तिला सरांचा पत्ता लागला. सर म्हणाले, "ताई, गोळीसुद्धा विषच. एका भाडेकरूला काढलंत आणि दुसऱ्याला चावी दिलीत." गोळी बंद झाली. तिचे पाय टबात गेले, पाणी काळं झालं आणि ती बाटली घेऊन घरी आली. अंग दुखून तिचे हाल झाले, तर सर म्हणाले उरलेलं निघतंय. तेही तिनं सोसलं. माझी बायको चिवट होती.

काही आठवड्यांनी पाठ पुन्हा धरली. तिनं एकदाच इंजेक्शन घेतलं. पण जुन्या सवयीनं जुनंच माप घेतलं, आणि तेवढं सोसायची ताकद शरीरात उरली नव्हती. मी दुपारी घरी आलो तेव्हा न्हाणीघराला आतून कडी होती. शेजाऱ्यांनी आणि मी मिळून दार तोडलं.

सर भेटायला आले. म्हणाले, "आमच्याकडून विष तर पूर्ण निघालं होतं. पुढे घरातलं वातावरण सांभाळायला हवं होतं." घरातलं वातावरण म्हणजे मी. सासूबाईंनी ते धरून ठेवलं. लेकीची ओतायची राहून गेलेली बाटली त्यांनी मोरीत ओतली नाही. ती त्यांनी तिच्या फोटोजवळ ठेवली.

आता त्यांचा धाकटा, माझा मेव्हणा. तो इमारतींना रंग देतो, परांचीवर लोंबकळत. तो पावडरीच्या नशेत अडकला होता. त्याच डॉक्टरीणबाईंकडे तीच गोळी घेऊन वर्षभर नीट होता. पण सासूबाईंना ते पुरेना. "रोज गोळी म्हणजे रोज नशाच की! माझी लेक गेली, पण शुद्ध होऊन गेली. ह्यालाही शुद्ध करून आणते."

हे ऐकलं आणि मी फोटोजवळची बाटली उचलली आणि डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर नेऊन ठेवली. बाईंनी ती उजेडात धरली. वर पाणी स्वच्छ दिसत होतं, तळाशी तांबूस गाळ बसला होता.

"पत्र्याची बादली गंजते, बघितलीय?" त्या म्हणाल्या. "हे तेच. टबात जे यंत्र सोडतात त्यात लोखंडाच्या पट्ट्या असतात. पाण्यात मीठ टाकायचं आणि वीज सोडायची, की लोखंड झरझर गंजतं. पाय असोत नसोत."

"मग तुम्ही येऊन सांगा ना, बाई."

"मी सांगितलं तर म्हणतील, हिला गोळ्या खपवायच्यात. तुम्ही एवढंच करा. पाय न घालता चालवून दाखवा म्हणावं. आणि धाकट्याची गोळी बंद होऊ देऊ नका. तुमच्या मिसेसचं काय झालं, ते तुम्हाला मी नव्यानं सांगायला नको."

मी सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी बाटली माझ्या हातातून ओढून घेतली. "माझ्या पोरीच्या पायांतून गंज निघाला म्हणता? ती काय खिळा होती? चालते व्हा!"

तोवर धाकट्याची गोळी थांबवलेली होती. त्या दिवशी हॉलमध्ये गॅरेजवाल्यानंतर तो खुर्चीवर बसला तेव्हा त्याचा जबडा थरथरत होता, नाक गळत होतं. नवं पाणी भरलं. सरांनी त्यात मूठभर पांढरी पूड टाकली. "खनिजं!" ते म्हणाले.

मी पुढे झालो. "सर, आधी हे पायांशिवाय चालवून दाखवा."

सर हसले. "ड्रायव्हरसाहेब, तुम्ही बस प्रवाशांशिवाय चालवता का?"

लोक खदखदून हसले.

"चालवतो की. डेपोतून निघताना रिकामीच असते," मी म्हणालो. "नाहीतर माझे पाय घाला. मी आयुष्यात विडीसुद्धा ओढलेली नाही."

"ड्रायव्हर लोकांचं काय सांगावं बुवा!" सर म्हणाले.

पुन्हा हशा. तेवढ्यात सासूबाई काठी टेकत उठल्या. रागानं त्या लाल झाल्या होत्या, आणि तो राग माझ्यावर होता.

"हे जावईबापू काही ऐकायचे नाहीत. सर, माझे पाय घाला. माझ्याबद्दल कुणी बोट दाखवून बघावं! मी सुपारीसुद्धा खाल्लेली नाही. माझं पाणी आरशासारखं राहील, मग ह्यांचं तोंड तरी बंद होईल."

"आई, तुम्हाला कशाला त्रास?" सर घाईनं म्हणाले. "यंत्र रुग्णांसाठी आहे."

"अहो, मी तुमच्याच बाजूनं बोलतेय!"

त्यांनी धाकट्याला बाजूला सारलं, खुर्चीत बसल्या आणि पाय टबात सोडले. सगळ्या हॉलसमोर नाही म्हणणं सरांना जमेना. यंत्र सुरू झालं. सासूबाई माझ्याकडे बघत ताठ बसल्या होत्या. पाण्याकडे त्यांनी बघितलंच नाही. त्यांना खात्री होती.

पुढच्या रांगेतली एक बाई हळूच म्हणाली, "अगं बाई."

पाणी पिवळं झालं होतं. बघता बघता चहासारखं झालं. मग फेस आला.

सासूबाईंनी खाली बघितलं. "हे काय?"

"संगत, आई," सर तेवढ्याच गोड आवाजात म्हणाले. "व्यसनी मुलांबरोबर एका छताखाली राहिलात. त्यांचं विष तुमच्यात उतरलं. आईचं काळीजच तसं असतं. तुमचेही चार-पाच दिवस करून टाकू."

कुणीतरी "खरंय" म्हणालं. मला वाटलं, गेलं. हा माणूस कशाचंही उत्तर देतो.

सासूबाईंनी पाय बाहेर काढले, पुसलेसुद्धा नाहीत. "पाणी बदला," त्या म्हणाल्या. पाणी बदललं. "ती खनिजं टाका." सवयीनं तीही टाकली गेली. मग त्यांनी आपली काठी उचलली आणि टबात उभी केली.

"आता लावा."

"आई, काय पोरखेळ..." सर वायर काढायला वाकले.

"राहू दे! बघू तरी!" गॅरेजवाल्याची बायको ओरडली. तिच्या छातीशी ती बाटली तशीच धरलेली होती. मी बटण दाबलं.

सर बोलतच होते, लहरी, ऊर्जा, लाकूडसुद्धा सजीव असतं, असं काहीबाही. काठीभोवतीचं पाणी पिवळं झालं. मग तांबूस. मग काळं.

"माझी काठी कधीपासून प्यायला लागली, सर?" सासूबाईंनी विचारलं.

मागे कुणीतरी हसलं आणि एकदम गप्प झालं, कारण सासूबाई हसत नव्हत्या. मी यंत्र पाण्याबाहेर उचललं आणि त्याची जाळी उघडून सगळ्यांना दाखवली. आत लोखंडाच्या पट्ट्या होत्या, कडा खाऊन खाऊन वाळवी लागल्यासारख्या. मीठ, लोखंड आणि वीज. बाईंनी सांगितलेलं मी माझ्या भाषेत सांगितलं. सांगायला एक मिनिटही लागलं नाही. एवढंसं होतं ते.

सासूबाईंनी माझी बाही धरली.

"म्हणजे माझ्या पोरीच्या पायांतून काहीच नाही निघालं?"

"नाही, आई."

"काहीच नाही?"

"काहीच नाही. तिचं जे चाललं होतं ते गोळीवर चाललं होतं. ते बंद केलं."

त्या खुर्चीत बसल्या, आणि त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तसा मी बायकोच्या मरणाच्या दिवशीही ऐकला नव्हता. त्या दिवशी त्यांना वाटत होतं की लेक शुद्ध होऊन गेली. आता तेही उरलं नाही. मी जिंकलो होतो म्हणायचं तर ते असं.

वाटलं होतं, लोक सरांना धरतील. काही उठून गेले, दोघा-तिघांनी शिव्या दिल्या. पण बरेच जण जागचे हलले नाहीत. एक म्हातारा मुलाचा हात घट्ट धरून बसला होता. तो मला म्हणाला, "गंज तर गंज. ह्याला वाटेल ना निघालं म्हणून? वाटू दे. आमच्याकडे दुसरं काय आहे?"

"माझ्या बायकोलाही तसंच वाटलं होतं," मी म्हणालो.

त्यानं मान फिरवली. मुलगा मात्र माझ्याकडे बघत राहिला.

धाकट्याला मी उठवलं. तो मला टेकूनच चालत होता. "दाजी," तो म्हणाला, "मग माझ्यातलं कसं निघणार?"

मी त्याला तसंच दवाखान्यात नेलं. तेच मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, त्याच्या समोरच. त्यांनी गोळी पुन्हा सुरू केली आणि खुर्ची ओढून बसल्या.

"निघायला आत काही साचलेलं नाहीये," त्या त्याला म्हणाल्या. "हा आजार लांबणारा आहे. साखरेच्या आजारात लोक वर्षानुवर्षं औषध घेतात, त्यांना कुणी अशुद्ध म्हणतं का? गोळी घे, कामावर जा, दर आठवड्याला गटात येऊन बस, बोल. कधी कमी करायची ते आपण मिळून ठरवू. घसरलास तर त्याच दिवशी ये. लाजून घरी बसू नकोस."

"आणि किती वर्षं?"

"माहीत नाही," बाई म्हणाल्या.

सर कुठल्याही प्रश्नाला कधी "माहीत नाही" म्हणाले नव्हते. मला वाटतं, लोक त्यांच्याकडे जातात ते त्यासाठीच.

तो हॉल अजून भरतो. यंत्राला नवी पेटी आली आहे, आता जाळी उघडता येत नाही. सासूबाई धाकट्याबरोबर गोळीच्या रांगेत उभ्या राहतात, कुणी ओळखीचं भेटलं तर पदर तोंडावर घेत नाहीत. माझ्याशी त्या अजून फारशा बोलत नाहीत. धाकटा मध्ये एकदा घसरला, आणि त्याच दिवशी दवाखान्यात गेला.

म्हणून हे लिहिलं. तुमच्या घरात असं कुणी असेल आणि कुणी म्हणालं की एका बैठकीत सगळं काढून टाकतो, तर त्याला माणसाशिवाय ते यंत्र चालवून दाखवायला सांगा. नाही म्हणाला तर उठून या. चालू असलेलं औषध कुणाच्याही टाळ्यांच्या भरात बंद करू नका, आधी ज्यानं दिलं त्या डॉक्टरला विचारा. आणि आपलं माणूस पुन्हा घसरलं तर त्याला शुद्ध करायला नेऊ नका, दवाखान्यात न्या. घसरलेला माणूस पुन्हा उठू शकतो. त्यासाठी आधी तो जिवंत राहायला हवा.