चौथा सिलिंडर

"हात काढ आधी! गाडी आत आली की माझ्याशिवाय कुणी बॉनेटखाली हात घालायचा नाही, हे काय तुला नव्याने सांगायचं?"

"अगं, प्लग तेवढा काढून ठेवलाय. पहिल्या सिलिंडरचा. म्हटलं, तुझे कष्ट वाचतील," दादा म्हणाला, आणि वर हसला.

तिथेच ताईचं डोकं फिरलं. शर्यतीच्या मैदानावर तिला सगळेच ताई म्हणत, तिच्याहून वयाने मोठे ड्रायव्हरसुद्धा. पण हा खरोखरचा थोरला भाऊ. जन्मात याने तिला कधी पाना उचलून दिला नव्हता. वडिलांचं गॅरेज हातात आलं तेव्हा "बायकांनी इंजिनात डोकं घालायचं नसतं" म्हणून तिला दारातून परत पाठवणारा हाच. पुढे ती शर्यतीच्या गाड्या तपासायच्या कामाला लागली, तेव्हा "आमची ताई गाड्यांना पंप मारते" म्हणून चारचौघांत दात काढणाराही हाच. आणि आज हा तिचे कष्ट वाचवायला आला होता!

बाहेर लोकांचा कल्ला चालला होता. शर्यत दादाच्या मुलीने जिंकली होती. आयुष्यातली पहिली. पण गाडी तपासून झाल्याशिवाय निकाल जाहीर होत नसे, म्हणून ती शेडच्या दाराबाहेर हेल्मेट काखेत धरून येरझाऱ्या घालत होती. या पोरीला गाडी शिकवली ती आत्यानेच, सुट्टीच्या दिवशी, बापाचा विरोध पत्करून. आजची गाडी मात्र बापाच्याच गॅरेजात तयार झालेली. शेवटच्या वळणावर पोरीने बाहेरच्या अंगाने पुढच्या गाडीला मागे टाकलं, तेव्हा ताईने टेबलावर अशी मूठ आपटली होती की शेजारचा पंच दचकला होता.

इंजिन न खोलता त्याच्या पोटातलं माप घ्यायचं, हे ताईचं काम. वरचं झाकण काढून झडपा मिटून ठेवायच्या, प्लगच्या भोकात पंपाची नळी बसवायची आणि इंजिन हाताने फिरवायचं. आत पिस्टन वरखाली होतो, तसा पंपाच्या काचेतला दट्ट्याही वरखाली होतो, आणि सिलिंडरमध्ये किती हवा मावते ते काचेवर वाचता येतं. त्याला चाराने गुणायचं. तेराशे सीसीच्या वर गेलं की गाडी बाद. सिलिंडर चार असले तरी तपासायचा पहिलाच, कारण तो हाताशी असतो. चौथा मागच्या पत्र्याला चिकटून, हीटरच्या नळ्यांखाली दडलेला. तिथे कोण तडफडत बसणार?

पहिल्याचं माप आलं तीनशे चोवीस, म्हणजे चारांचे बाराशे शहाण्णव. चोख.

"झालं ना? कर सही," दादा म्हणाला.

"थांब." तिने नळी काढली आणि हीटरच्या नळ्यांचे पट्टे सोडवायला घेतले.

दादाचं हसू मावळलं. "चौथा कशाला? कुणाचा चौथा तपासलायस आजवर?"

"आजवर कुणी पहिल्याचा प्लग आयता काढून दिला नव्हता."

"अगं, घरची गोष्ट आहे." आता त्याचा आवाज खाली आला. "पोरीचं पहिलंच बक्षीस आहे. तूच ना शिकवलंस तिला?"

ताईच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. गरम पत्र्याला बोटं सोलवटली, तरी तिने तो प्लग काढलाच. नळी बसवली, इंजिन फिरवलं. तीनशे बेचाळीस. पुन्हा फिरवलं. तेच.

"मागचे सिलिंडर मोठे करून घेतलेस," ती म्हणाली. "पहिला तेवढा सोवळा ठेवलास. माझ्यासाठी!"

"जरासाच फरक आहे गं. कुणाला कळतंय?"

"मला कळतंय ना! मी काय इथे शोभेला बसवलेली आहे? आणि माझं सोड. पोरीच्या हातांवर तुझा काडीचा भरवसा नव्हता? ती जिंकलीच असती, मेल्या! आता कसं कळायचं ते तिला?"

आवाज ऐकून भाची आत आली. "आत्या, काय झालं?"

ताईने काचेकडे बोट केलं. "पहिला बरोबर आहे. चौथा मोठा आहे."

"शक्यच नाही. नळी गळत असेल."

"दोनदा घेतलंय."

"मग इंजिन उघडा!" पोरगी तडकली. "माप मान्य नसेल तर सगळ्यांसमोर उघडायचं, नियमच आहे. बाबा, सांगा ना हिला! म्हणा, उघडा म्हणून!"

दादा हातातला स्वच्छ पाना फडक्याने पुसत राहिला.

"बाबा?"

"नको."

"का नको?"

"उगाच गॅस्केट वाया जाईल," तो पुटपुटला.

पोरीने एकच विचारलं, "शेवटच्या वळणावर पुढे गेले, ती मी गेले की इंजिन?"

"विचारतेय ना ती!" ताई भावावर ओरडली. "सांग की! आता का वाचा बसली?"

ते ताईलाही सांगता आलं नसतं, आणि याच गोष्टीचा तिला सगळ्यात जास्त संताप येत होता. सगळ्या कपाटभर अवजारांत ते मोजणारं एकही अवजार नव्हतं. तिने कागद ओढला आणि 'बाद' असं लिहून खाली सही केली. कागद पेनाच्या टोकाने फाटला.

भाचीने हेल्मेट जमिनीवर ठेवलं. वाकून, नळ्यांमधून हात घालून तिने चौथा प्लग जागेवर बसवायला घेतला. आधी नुसत्या बोटांनी, आटे खराब होऊ नयेत म्हणून, आत्याने शिकवलं होतं तसं. दादाने पाना पुढे केला. तिने तो घेतला नाही. मागे न बघता तिने दुसरा हात आत्याकडे पसरला. ताईने आपला पाना त्यात ठेवला.

बॉनेट मिटून दोघी गाडी ढकलायला लागल्या. दादा मागून पुढे झाला.

"हात लावू नका," पोरगी म्हणाली.

तो जागीच थांबला. बाहेरच्यांना अजून काहीच माहीत नव्हतं. गाडीचं नाक शेडच्या दारातून दिसताच त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली.